शेवाळ पुसता येतं, चरा नाही

(या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा हेडफोन घरी राहिलेत त्यांच्यासाठी. बोलण्याच्या ओघातले काही 'म्हणजे' आणि 'हां' काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

कुणी लोकलमध्ये उभं असेल, कुणी बसच्या खिडकीत, कुणी भांडी घासता घासता ऐकत असेल. भांडी घासताय ना? मग हातातली घासणी जरा नीट बघून ठेवा, कारण आजच्या गोष्टीत ती खलनायक आहे.

मागच्या आठवड्यात एका श्रोतीची व्हॉइस नोट आली. आवाज रडवेला. ती म्हणाली, "दादा, माझी दोन फुटी टाकी आहे. मॅग्नेटने काच साफ करताना आतून एक लांब चरा पडला. आई म्हणते टाकी फुटेल, हॉलमध्ये पाणीच पाणी होईल, काढून टाक. दुकानदार म्हणतो टूथपेस्ट घास. मला रात्री झोप लागत नाही. मी काय करू?"

ताई, तुमचा प्रश्न ऐकला आणि मला माझी पहिली टाकी आठवली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी देणारच आहे, पण आधी चरे पडतात कसे ते बघू. ते एकदा कळलं की उत्तर अर्धं तिथेच मिळतं.

माझा पराक्रम

मी पहिली टाकी घेतली तेव्हा मला एकच गोष्ट माहीत होती: काच चकाचक पाहिजे. महिन्याभरात समोरच्या काचेवर हिरवे ठिपके आले. पाहुणे येणार होते. मी काय केलं? सगळे मासे बादलीत काढले, टाकी रिकामी केली, बाथरूममध्ये नेली आणि तारेची घासणी, भांड्यांचा साबण, सगळं लावून खसाखसा घासली. खडे धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. टाकी नव्यासारखी दिसायला लागली. पाहुणे म्हणाले, "वा!"

चौथ्या दिवसापर्यंत सात गप्पी आणि दोन मोली गेले.

आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर लक्षात आलं, समोरच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे. मासे गेले ते माझ्या चुकीमुळे आणि काच गेली तीही माझ्या चुकीमुळे. एकाच दुपारी.

मासे का गेले ते आधी सांगतो, कारण ही चूक आजही घरोघरी होते. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत जमायला काही आठवडे लागतात. मी ती नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने आणि साबणाने एका दुपारी धुऊन काढली. टाकी दिसायला स्वच्छ होती, पण माशांसाठी विषारी झाली होती.

तेव्हा पहिला नियम लिहून घ्या. काच साफ करायची म्हणजे फक्त काच साफ करायची. टाकी रिकामी करायची नाही, मासे काढायचे नाहीत, साबण तर घराच्या त्या कोपऱ्यातसुद्धा आणायचा नाही.

चरा पाडतं कोण?

आता खिशातला मोबाईल काढा. स्क्रीन गार्डवर बारीक चरे दिसतायत? सगळ्यांना वाटतं ते चावीमुळे पडले. खरं तर घराची पितळी चावी काचेपेक्षा मऊ असते. चरे पाडते ती खिशात साठलेली धूळ, म्हणजे तिच्यातले वाळूचे कण.

कुठला पदार्थ कुणाला चरा पाडू शकतो हे मोजायला मोह्स नावाची पट्टी आहे, 1 ते 10. तळाशी 1 वर शंखजिरं, म्हणजे टाल्कम पावडर ज्याची करतात ते. वर 10 वर हिरा. साधी काच येते साधारण साडेपाचवर. वाळूतलं क्वार्ट्झ येतं 7 वर. जो वरचा, तो खालच्याला ओरखडतो. बस, एवढंच गणित.

(स्क्रीन गार्डच्या पाकिटावर '9एच' लिहिलेलं असतं, त्याचा या पट्टीशी संबंध नाही. ते पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे. त्यामुळे नऊ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल, असं समजून वाळूत मोबाईल ठेवू नका.)

आता टाकीकडे या. टाकीच्या तळाशी काय असतं? वाळू आणि खडे. मॅग्नेट क्लीनर काय करतो? आतला तुकडा आणि बाहेरचा तुकडा काचेला दाबून धरतात. तो तुम्ही तळापर्यंत नेला, एक कण त्यात शिरला आणि तुम्ही तो कण चुंबकाच्या जोराने काचेवरून फिरवताय. म्हणजे पॉलिश पेपरच झाला की!

माझ्या तारेच्या घासणीतही तेच झालं. तारेत खड्यांची वाळू अडकली होती. आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीत तर बऱ्याचदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण मुद्दाम बसवलेले असतात. ते मोह्स पट्टीवर 9 वर येतात. कढईसाठी ठीक आहे, काचेसाठी नाही.

म्हणून मी आता काचेला हात लावण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: माझ्या हाताच्या आणि काचेच्या मध्ये काचेपेक्षा कडक काय आहे? उत्तर 'काही नाही' असेल तरच हात चालवायचा.

कुठल्या डागाला काय?

काचेवरची सगळी घाण एकसारखी नसते. त्यामुळे सगळीकडे एकच हत्यार चालवायची गरज नाही.

एक, तपकिरी थर. नवीन टाकीत पहिल्या काही आठवड्यांत येतो. बोटाने पुसला तरी निघतो. याला फिल्टरचा पांढरा कापूस किंवा स्वच्छ सुती कापडाचा तुकडा पुरे. ते कापड फक्त टाकीसाठीच ठेवा, साबणाच्या कपड्यांत टाकू नका.

दोन, हिरवी पावडर बसल्यासारखा थर. यालाही कापूस चालतो, थोडा जोर लागतो.

तीन, हिरवे टणक ठिपके. हे चिवट. माझ्या टाकीवर हेच होते. यांना आधी मुदत संपलेलं एटीएम कार्ड वापरा. गंमत नाही, खरंच. प्लास्टिक काचेपेक्षा कितीतरी मऊ, कड सरळ, हातात नीट बसतं. कार्डाने नाही गेले तर ब्लेड. पण ब्लेडचे नियम आहेत. पातं नवं पाहिजे, गंज नको, कड तुटलेली नको. पोलाद काचेच्या आसपासच कडक असतं, त्यामुळे खराब कड चरा पाडू शकते. पातं काचेवर आडवं, कमी कोनात टेकवायचं आणि एकाच दिशेने ढकलायचं. कोपऱ्यांत दोन काचा जोडणारं सिलिकॉन असतं, त्याच्यापासून लांब राहायचं. सिलिकॉन कापलं तर मग खरंच हॉलमध्ये पाणी येईल. आणि काम झालं की पातं मोजून बाहेर, टाकीत विसरायचं नाही.

चार, पाण्याच्या पातळीवरची पांढरी रेघ. हे शेवाळ नाही, क्षार आहेत. बोअरचं पाणी असेल त्यांच्याकडे हमखास. बादलीवर, नळावर बसतात तेच. हे घासून काढायला गेलात तर हात दुखतील आणि काच खराब होईल. क्षारावर उपाय आंबट. पाणी इंचभर कमी करा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून पिळलेलं कापड त्या रेघेवर पंधरा-वीस मिनिटं चिकटवून ठेवा, मग कार्डाने हलकेच काढा आणि साध्या ओल्या कापडाने पुसा. व्हिनेगर पाण्यात ओतायचं नाही, त्याने पाण्याचा पीएच ढळतो.

बाहेरच्या बाजूला काच पुसायचा स्प्रे वापरत असाल तर त्यात अमोनिया असू शकतो. तो टाकीजवळ फवारू नका. लांब जाऊन कापडावर घ्या आणि मग पुसा. माझं विचाराल तर साधं पाणी आणि कोरडं कापड, बाहेरच्या बाजूला एवढंच लागतं.

आणि टाकीत हात घालण्याआधी दोन गोष्टी. हाताला क्रीम किंवा डासांचं मलम नको. आणि फिल्टर, हीटर, सगळ्याचे प्लग काढलेले हवेत. पाणी कमी करताना चालू हीटर उघडा पडला तर त्याची काच तडकते, आणि पाण्यात हात असताना विजेशी खेळ नको.

आता कुणीतरी म्हणेल, "दादा, एवढी कटकट कशाला? सकर मासा सोडतो, तो काच चाटून साफ ठेवेल." दुकानात तो बोटाएवढा असतो. पण साधा सकर फूटभर आणि त्याहून मोठा होतो, आणि जेवढं शेवाळ खातो त्याहून जास्त घाण करतो. मग लोक तो नदीत सोडतात, आणि तिथे तो स्थानिक माशांच्या मुळावर येतो. असं करू नका. काच साफ ठेवायचा खरा उपाय म्हणजे शेवाळ कमी येऊ देणं. दिवा सहा ते आठ तास, त्याहून जास्त नाही. टाकी उन्हाच्या खिडकीत नको. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला पाव पाणी बदला. शेवाळ कमी म्हणजे घासणं कमी, आणि घासणं कमी म्हणजे चरे कमी.

चरा पडलाच, तर?

आता मुद्द्यावर येऊ. चरा पडला. घाबरायचं किती?

आधी नख फिरवा. चऱ्यावरून नख आडवं न्या. नख अडकलं नाही तर चरा वरवरचा आहे. नख 'टक्' करून अडकलं तर खोल आहे. नखाने कळत नसेल तर कापसाचा बोळा फिरवा, तंतू अडकतात का बघा.

मग बघा, चरा आत आहे की बाहेर. हे फार महत्त्वाचं आहे, आणि हे कळायला काचवाल्याच्या दुकानात जाऊ या. तो काच कापतो म्हणजे करवत चालवत नाही. छोट्या चाकाच्या कटरने एक रेघ मारतो, आणि रेघेची बाजू ताणली जाईल असा हलका झटका देतो. काच रेघेवरच तुटते. काच दाबाला खूप तगडी आणि ताणाला कच्ची. ताणलेल्या बाजूला रेघ असेल तर तीच तिची कमजोर जागा.

आता टाकीवर किती जोर असतो ते मोजू. दोन फुटी टाकी घ्या, फूटभर रुंद, फूटभर उंच. काठोकाठ भरली तर साधारण 56 लिटर पाणी. समोरची काच 60 बाय 30 सेंटिमीटर, म्हणजे 1800 चौरस सेंटिमीटर. पाण्याची सरासरी खोली 15 सेंटिमीटर. गुणाकार केला की 27,000 ग्रॅम. म्हणजे 27 किलोचा जोर त्या काचेला चोवीस तास बाहेर ढकलतोय. काच मध्यभागी किंचित, डोळ्यांना दिसणार नाही इतकी, बाहेर फुगते. त्यामुळे मधल्या भागात बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते.

लक्षात आलं? मधल्या भागात आतून पडलेला वरवरचा चरा दिसायला वाईट असतो, पण टाकीला धोका नसतो. बाहेरून पडलेला, नख अडकणारा चरा मात्र गंभीर. त्याहून गंभीर म्हणजे काचेच्या कडेला उडालेला टवका आणि त्यातून निघालेली तडा. तडा वाढते. ती दिसली की 'उद्या बघू' नाही.

तसं झालं तर काय करायचं? प्लग काढा. टाकीतलंच पाणी एका स्वच्छ बादलीत भरा, मासे त्यात घ्या, हवेचा पंप लावा. फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात बुडवून ठेवा, सुकवू नका. माझी पहिली चूक आठवतेय ना? मग टाकी उपसा आणि काच बदला किंवा टाकी बदला. चिकटपट्टी लावून, वरून सिलिकॉन फासून तडा थांबत नाही.

टूथपेस्ट, पॉलिश वगैरे

टूथपेस्टचं काय? बऱ्याच पेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं. मोह्स पट्टीवर ते 3 वर. काच साडेपाचला. आता तुम्हीच सांगा, 3 वाला साडेपाचवाल्याला घासून सपाट करेल का? दात आणि वास, दोन्ही चांगले राहतील, पण चरा जाणार नाही. आणि भरलेल्या टाकीच्या आत पेस्ट लावायचा तर विचारही नको.

काचेचा चरा खरंच काढायचा तर सीरियम ऑक्साइड नावाची पावडर असते. पाण्यात कालवून, ड्रिलला लोकरीच्या नमद्याचं पॅड लावून घासायचं. मी केलंय ते. रिकाम्या जुन्या टाकीवर, गॅलरीत बसून, पाऊण तास. काच सारखी ओली ठेवावी लागते, कारण गरम झाली तर तडकू शकते. एवढं करून माझे अगदी बारीक चरे गेले. जे नखाला लागत होते ते तसेच राहिले. आणि जिथे जास्त घासलं तिथे काच किंचित खोलगट झाली. आता त्या जागेमागून मासा गेला की जत्रेतल्या आरशात दिसल्यासारखा मध्येच जाडा होतो! खोल चऱ्यासाठी हा उपाय नाही, आणि पाणी भरलेल्या टाकीवर तर मुळीच नाही.

टाकी ॲक्रिलिकची असेल तर हिशेब उलटा. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयातला बोगदा आठवतो? 2015 मध्ये नूतनीकरण झालं तेव्हाचा? तो ॲक्रिलिकचा. ॲक्रिलिक हलकं, धक्क्याला चिवट, पण काचेपेक्षा खूप मऊ. त्याला ब्लेड चालत नाही, अमोनियाचा किंवा अल्कोहोलचा स्प्रे चालत नाही, त्याने बारीक भेगा पडतात. पण त्याचा चरा अधिकाधिक बारीक पॉलिश पेपरने काढता येतो. आपली टाकी कशाची आहे हे माहीत नसेल तर नखाने वाजवून बघा. काच 'टण्' वाजते, हाताला गार लागते. ॲक्रिलिक 'टप' वाजतं आणि तेवढं गार लागत नाही.

आणि एक छोटासा प्रयोग. स्क्रीन गार्डवरच्या बारीक चऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. चरा जवळजवळ गायब! काचेचा अपवर्तनांक साधारण 1.5, पाण्याचा 1.33, हवेचा 1. चऱ्यात हवेऐवजी पाणी भरलं की प्रकाश कमी विखुरतो. म्हणजे टाकीच्या आतल्या बाजूचे बारीक चरे पाणी भरल्यावर आपोआप फिके पडतात. रिकाम्या टाकीत जे भयंकर दिसतं, ते भरल्यावर बऱ्याचदा शोधावं लागतं.

तर ताई,

तुमचा चरा आतून आहे, मॅग्नेटचा आहे. आज नख फिरवून बघा. अडकलं नाही, आणि कडेला टवका किंवा तडा नाही, तर त्या चऱ्याने टाकी फुटणार नाही. आईला काचवाल्याची गोष्ट आणि 27 किलोचं गणित सांगा, पटेल त्यांना. नख अडकत असेल किंवा चरा अगदी कडेपर्यंत जात असेल तर पाणी अर्ध्यावर आणा आणि जाणकार काचवाल्याला बोलावून दाखवा. टूथपेस्ट दातांना ठेवा.

आणि मॅग्नेट फेकू नका. फक्त वाळूच्या वर दोन बोटं थांबायचं. त्या खालची पट्टी एटीएम कार्डाने. मॅग्नेट वापरण्याआधी आतली बाजू बोटाने चाचपायची, कण लागला तर धुवायचा. खाली पडला तर तसाच वर ओढायचा नाही, बाहेर काढून धुवायचा.

माझी ती चरे पडलेली टाकी अजून आहे बरं का. फेकली नाही. दिवा लागला की चरे दिसतात, पाहुणे विचारतात, मी सांगतो, "माझ्याच हाताचे आहेत." पण मागच्या काचेवरचं शेवाळ आता मी घासतच नाही. तिथे पिल्लं दिवसभर चरत असतात. समोरची काच माझ्यासाठी, मागची त्यांच्यासाठी, अशी वाटणी करून टाकलीय.

तुमच्याही टाकीचा काही प्रश्न असेल तर व्हॉइस नोट पाठवा. आणि चऱ्याचा फोटो पाठवणार असाल तर नख फिरवून काय झालं तेही सांगा, फोटोत ते दिसत नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर घासणी भांड्यांवर, कार्ड काचेवर. काळजी घ्या!